चाळीस मिनिटांआधीचं रक्त

१

हाज्जा तहिया सोमवारी सकाळी डायलिसिसच्या सहा नंबरच्या खुर्चीवर वारली. गुरुवारी सकाळी तिच्या नर्सला सरकारी वकिलापुढे उभं करणार होते. मधल्या बुधवारी मला पाठवण्यात आलं.

मी सफिनाझ दुर्घाम, रक्ततपासणीची डॉक्टर. तांताच्या आरोग्य कचेरीत बसते आणि असे मृत्यू झाले की कागद तपासायला गावोगाव जाते. एकोणीस वर्षं हेच चाललंय. त्या दिवशी मायक्रोबसमधून कफ्र अल-तूतला उतरले तेव्हा ऑगस्टचं ऊन डोक्यात घुसत होतं, डावा गुडघा ठणकत होता, आणि खरं सांगायचं तर केस मला वाटेतच सुटली होती. फाइलमध्ये होतंच काय? दोन रिपोर्ट.

पहिलं रक्त डायलिसिस सुरू करताना घेतलेलं, आठ वाजता. पीएच सात पूर्णांक अडतीस, म्हणजे तुमच्या-माझ्यासारखा ठणठणीत. दुसरं रक्त पावणेनऊला घेतलेलं, बाईचं हृदय थांबल्यावर छाती दाबत असताना. पीएच सहा पूर्णांक नव्वद. एवढ्या आंबट रक्तात हृदय चालत नाही.

आठला रक्त ठीक, पावणेनऊला आम्लाने भरलेलं. मधल्या चाळीसेक मिनिटांत तिच्या अंगात शिरलं ते फक्त यंत्राचं पाणी. त्या यंत्राला दोन कॅन जोडतात, एक आम्लाचा आणि एक सोड्याचा. खाण्याचा सोडा असतो ना, त्याच्याच जातीचा. दोन्ही नळ्या चुकून आम्लाच्याच कॅनमध्ये गेल्या तर काय होईल हे सांगायला डॉक्टर लागत नाही. आणि नळ्या जोडल्या होत्या त्याच नर्सने, आब्ला विदादने.

"चोवीस वर्षं नोकरी झालीय तिची," डॉक्टर नादिर अशमावी म्हणाला. तिथल्या डायलिसिस केंद्रातला ड्यूटीवरचा डॉक्टर. चौतिशीचा असेल, पण डोळ्यांखालच्या पिशव्या माझ्या वयाच्या. "सगळे तिला आब्ला म्हणतात. मोठी बहीण. मीसुद्धा."

"तू हाज्जाला तपासलं होतंस का, सुई टोचायच्या आधी?"

त्याने चहाच्या पेल्यातला पुदिना चमच्याने दाबला. पुन्हा दाबला.

"सही आहे ना माझी त्या पानावर."

"सही मी वाचलीय बेटा. मी तपासलंस का ते विचारतेय."

"नाही," तो म्हणाला. "आतल्या खोलीत झोपलो होतो. त्याआधी तीस तास उभा होतो, दोन गावांत मिळून. आब्ला विदादने हाक मारली तेव्हा हाज्जा निळी पडली होती. सही मी नंतर केली. आता लिहा तुमच्या वहीत."

मी लिहिलं नाही. थकलेल्या माणसाने खरं सांगितलं की लगेच पेन उचलायचं नाही, नाहीतर पुढचं खरं बाहेर येत नाही.

"आब्ला स्वतः काय म्हणते?"

"तीच तर गोष्ट आहे, मॅडम. ती काहीच म्हणत नाही. 'लिहा काय लिहायचं ते' एवढंच. जिने कधी एक सुई चुकवली नाही, ती स्वतःला वाचवायला तोंडही उघडत नाही."

२

सहा नंबरचं यंत्र भिंतीकडे तोंड करून उभं केलं होतं, वर्गात शिक्षा झालेल्या पोरासारखं. त्याच्या पाठीशी बह्गत बसला होता. यंत्रं आणि पाणी बघणारा तंत्रज्ञ. पन्नाशीचा, रुंद, पायात प्लास्टिकच्या चपला.

"बाई, आधीच सांगतो," तो म्हणाला, "नंतर कुणीतरी दुसरा सांगेल. याचा भोंगा मी बंद केला होता."

"कधीपासून?"

"रमजानच्या आधीपासून. उगाच बोंबलायचा. पेशंट दचकायचे, ब्लडप्रेशर चढायचं. नवा सेन्सर मागितला, तीन अर्ज दिले. माझी बायको म्हणते, तू अर्ज लिहिण्यात म्हातारा झालास."

म्हणजे नळी चुकली असती तरी यंत्र ओरडलं नसतं. विदादभोवतीचा फास आणखी आवळला. मला त्याचा आनंद झाला नाही, वाईटही वाटलं नाही. परतीच्या गाडीची वेळ तेवढी आठवली.

"कॅन कुठे आहेत?"

"उचलून ठेवले मी. कुलपात." त्याने दोन्ही काढले. मी कागदाच्या पट्ट्या बुडवल्या. आम्लात आम्ल होतं, सोड्यात सोडा.

"पण कुणी नंतर बदलले नसतीलच असं नाही," बह्गत स्वतःच म्हणाला. "मीच बदलले असतील, असंही म्हणाल तुम्ही. म्हणायलाच हवं."

"त्या सकाळचा सोडा किती कॅनांत भरला होता?"

"एका पिंपातून आठ. बाकी सात जण आज परत आलेत. आत बसून शिव्या देताहेत, म्हणजे धडधाकट आहेत."

तळमजल्यावर प्रयोगशाळा होती. रबाब नावाची बाई एकटीच. पोट सातव्या महिन्याचं, पाय स्टुलावर, आणि समोर नळ्यांची रांग.

"हाज्जा तहियाचा आठचा रिपोर्ट तूच काढलास?"

"मी नाही तर कोण काढणार? माझ्या पोटातलं?"

"आकडे आठवतात?"

"डॉक्टरबाई, त्या सकाळी एकतीस नळ्या होत्या. मला आकडे दिसत नाहीत, नळ्या दिसतात. यंत्रातून चिठ्ठी आली, घडी घातली, शिपायाच्या हाती वर पाठवली. वर आब्ला विदाद रजिस्टरमध्ये उतरवते आणि चिठ्ठी चिकटवते."

"चिकटवलेली नाही. चिठ्ठी गायब आहे."

रबाबने पाय खाली घेतले. "मग यंत्रात बघते म्हणाल तर बघू नका. त्याची आठवण वर्षभर मेलीय. त्याला दोनच गोष्टी मोजता येतात आता, पीएच आणि कार्बन डायऑक्साइड. तिसरा आकडा, बायकार्बोनेट, तो ते आपलं बसल्याबसल्या गणित करून छापतं. पहिल्यापासून तसंच करतं म्हणा, पण बाकी सगळं बंद पडलं म्हणून तेवढंच उरलं."

"आकडा धोक्याचा असला तर तू फोन करायचा असतो."

तिने फोनचा रिसीव्हर उचलून माझ्या कानाला लावला. त्यात काहीच नव्हतं, साधी घरघरसुद्धा नाही.

"मला सारखं वाटतं," ती म्हणाली, "की त्या चिठ्ठीवर काहीतरी भयंकर होतं आणि मी न बघता घडी घातली. रजिस्टरमध्ये सगळं ठीक लिहिलंय ते बघून मी रडले. सुटले म्हणून रडले. आता तुम्ही म्हणता चिठ्ठीच नाही."

३

वर खोलीत आठ खुर्च्यांपैकी सात भरल्या होत्या. सहावी रिकामी होती आणि तिच्यावर कुणीतरी धुतलेली चादर नीट घडी करून ठेवली होती. पाचव्या खुर्चीवर अम्म जाबिर, म्हणजे जाबिरकाका. एकेकाळचा बसड्रायव्हर, सत्तरी उलटलेला. नऊ वर्षं शनिवार, सोमवार, बुधवार तो आणि हाज्जा तहिया शेजारी शेजारी बसत आले होते.

"या, सरकार आलं!" तो म्हणाला. "बसा. उठून उभा राहिलो असतो, पण माझं रक्त बाहेर फिरायला गेलंय."

मी स्टूल ओढलं. "सोमवारी हाज्जा आली तेव्हा कशी होती?"

"कशी म्हणजे? गप्प होती. ती बाई गप्प म्हणजे काय ते तुम्हाला नाही कळायचं. लग्नाच्या बायकोने माझं डोकं खाल्लं नसेल एवढं हिने खाल्लं. सोमवारी मी म्हटलं, 'तहिया, जीभ घरी विसरलीस का?' तर म्हणाली, 'जाबिर...' आणि श्वास. 'मला...' आणि श्वास. बसल्या जागी जिना चढत होती जणू."

"उथळ श्वास की खोल?"

"खोल. मोठमोठे. पायाला सूज नव्हती, छातीत पाणी भरतं तशी खरखर नव्हती. ते आम्ही ओळखतो, आमचं रोजचं आहे. हे वेगळं होतं. नुसता भाता चालला होता."

"सुई टोचायच्या आधीपासून?"

"दारातून आली तीच तशी. निस्मा, तिची पोरगी, हाताला धरून घेऊन आली. म्हणाली, दोन दिवस आईला उलट्या होताहेत, पोट बिघडलंय. आब्ला म्हणाली, लवकर खुर्चीवर घ्या, रक्त साफ झालं की बरं वाटेल. डॉक्टरला उठवू का म्हणून विचारलं मी. ती म्हणाली, आत्ताच डोळा लागलाय त्याचा, पाच मिनिटं झोपू द्या." त्याने खुर्चीच्या हातावर बोटं आपटली. "मीच आरडाओरडा करायला हवा होता. ड्रायव्हर होतो मी, माझा आवाज तीन गल्ल्या जातो."

शेजारच्या यंत्राने एक सुस्कारा टाकला. अम्म जाबिरने नळीतल्या आपल्याच रक्ताकडे बघितलं.

"आणखी काही वेगळं? खाण्यापिण्यात?"

"उसाचा रस सोडला होता तिने. कुणी सोडायला सांगितलं नव्हतं असं नाही, नऊ वर्षं सगळेच सांगत होते, पण ऐकते कोण? गेल्या आठवड्यात मला कानात म्हणाली, 'जाबिर, आता साखरपण आली रे अंगात. इथे कुणाला सांगू नकोस. खजूर गेले, आंबे गेले, पाणी मोजून प्यायचं. आता आणखी एक बंदी घातली ना, तर मी यायचीच बंद होईन.' मी कशाला सांगतोय!"

"ती गेल्यावर तिचं सामान कुणी उचललं?"

"आब्लाने. पिशवी उघडली, रुमाल, चपला भरत होती. मग हात आत तसाच राहिला तिचा." त्याने मोकळ्या हाताने दाखवलं, मूठ अर्धी मिटलेली. "मी बघितलं. विचारलं नाही. नंतर ती खूप वेळ न्हाणीघरात होती."

४

मी नादिरच्या खोलीत जाऊन रजिस्टर पुन्हा उघडलं. त्याने माझ्यासाठी फूल, म्हणजे शिजवून ठेचलेले वाल, आणि पावाची पुडी मागवली होती. मी खाल्लं नाही, आणि मला भूक असतानाही खाल्लं जात नाही तेव्हा काहीतरी डोळ्यांसमोर असून दिसत नसतं, हे मला सवयीने माहीत आहे.

आठ वाजता. पीएच ७.३८. कार्बन डायऑक्साइड १८. बायकार्बोनेट २३. विदादचं गोल, शाळकरी अक्षर. कुठे खाडाखोड नाही.

वाटेत मी पहिला आकडा वाचला होता आणि तिसरा. दोन्ही उत्तम. मधल्या अठरावरून नजर घसरली होती. एकोणीस वर्षांनंतर नजर अशीच घसरते.

"नादिर," मी म्हटलं, "हे बघ."

तो खांद्यावरून वाकला. त्याने तिन्ही आकड्यांवरून बोट फिरवलं. मग खुर्ची ओढून बसला.

"असं होऊ शकत नाही," तो म्हणाला.

रक्तात आम्ल सांडलं की रक्तातला सोडा, म्हणजे बायकार्बोनेट, ते शोषून घेतो. शोषताना त्याचा कार्बन डायऑक्साइड वायू होतो आणि तो फुप्फुसं बाहेर टाकतात. सोडा संपत आला की माणूस मोठमोठे श्वास घेतो, वायू आणखी बाहेर फेकतो आणि कसाबसा तोल सावरतो. एरवी वायू चाळीसच्या आसपास असतो आणि सोडा चोवीसच्या. हे दोन आकडे आणि पीएच एकमेकांना बांधलेले आहेत. दोन ठरले की तिसरा ठरलाच, त्याला स्वतःचं मत नाही. वायू अठरा आणि सोडा तेवीस असेल तर पीएच सात पूर्णांक त्र्याहत्तर यायला हवा. अशा माणसाच्या हातापायांना वाकडे पेटके आले असते, त्याला खुर्चीवर बसवता आलं नसतं.

"रबाबने दुसऱ्याचं रक्त लावलं असेल," नादिर म्हणाला. "नळी बदलली."

"कुणाचं? असं रक्त जगात कुणाचंच नाही."

"मग यंत्र बिघडलं."

"बिघडलेलं यंत्रसुद्धा हे छापू शकत नाही. तिसरा आकडा ते मोजत नाही, पहिल्या दोनांवरून काढतं. चुकीच्या दोनांवरून ते चुकीचा तिसरा काढेल, पण तिघांचं आपसांत जुळेलच. यांचं जुळत नाही. म्हणजे हे आकडे यंत्राने जन्माला घातलेले नाहीत. माणसाने लिहिलेत."

नादिरने रजिस्टरवरचा हात काढून घेतला. "मी नाही, मॅडम."

"तू असतास तर तिन्ही बदलले असतेस. रबाबनेही बदलले असते. हे अशा माणसाने केलंय ज्याच्या रोजच्या कामात पीएच आणि सोडा येतात, पण फुप्फुसांचा वायू येत नाही. जो कॅनची भाषा बोलतो. बह्गत, नाहीतर विदाद."

"पण का? आधीचं रक्त चांगलं दाखवलं तर दोष यंत्रावर येतो, म्हणजे बह्गतवर. किंवा कॅन जोडणारीवर. या दोघांपैकी कुणीही लिहिलं तरी स्वतःच्या गळ्यात दोर बांधून घेतला!"

"हो," मी म्हटलं. "आणि अक्षर विदादचं आहे. म्हणूनच कुणी शंका घेतली नाही. स्वतःच्या विरुद्ध कोण खोटं लिहील?"

मी छत्री उचलली. नादिर म्हणाला, "पावणेनऊचं रक्त का घेतलं असं मला कुणी विचारलंच नाही अजून. ते मीच घेतलं. आब्ला तेव्हा ऑक्सिजनचा सिलिंडर आणायला पळाली होती. तिला माहीतसुद्धा नव्हतं."

मी दारातच थांबले. मला हवा होता तो तुकडा एवढाच होता.

५

विदादचं घर तिसऱ्या मजल्यावर. खिडक्यांची दारं बंद, कारण खालून येणारेजाणारे वर बघून बोलत होते. तिने दार उघडलं, मला बघितलं आणि बाजूला झाली. साठीला टेकलेली, सडपातळ, घरातही युनिफॉर्मचे पांढरे बूट घातलेले.

"या डॉक्टरबाई. चहा ठेवते. सही कुठे करायची तेवढं दाखवा."

"सही नको. चिठ्ठी दे."

"कुठली चिठ्ठी?"

"जिच्यावर वायू अठरा आहे. तो आकडा तू खरा उतरवलास, तुला तो महत्त्वाचा वाटला नाही. बाकीचे दोन मी सांगते. सोडा सहा-सात असणार. पीएच सव्वासातच्या खाली."

ती स्वयंपाकघराच्या दाराला टेकली. मी तिला बोलू दिलं नाही. बोलली असती तर पुन्हा "लिहा काय लिहायचं ते" म्हणाली असती.

"हाज्जा घरून येतानाच आम्लाने भरलेली होती. तू प्रामाणिकपणे तिला यंत्रावर घेतलंस, आणि तेच बरोबर होतं. चिठ्ठी वर आली तोपर्यंत ती गेली होती. मग तू तिची पिशवी उघडलीस आणि आत गोळ्यांची पट्टी सापडली. साखर उतरवायची गोळी. तुला-मला चालते. पण ती गोळी मूत्रपिंडावाटेच अंगाबाहेर जाते, आणि हाज्जाला मूत्रपिंडं नव्हतीच म्हणायची. ती अंगात साठत गेली आणि रक्तात आम्ल ओतत राहिली. तू चोवीस वर्षं इथे आहेस, तुला पट्टी बघताच कळलं. गोळ्या कुणी आणल्या हेही कळलं. म्हणून तू आकडे बदललेस. डायलिसिसचे पेशंट जातात, हृदय थांबतं, कुणी विचारत नाही. आधीचं रक्त चांगलं दिसलं की आधीच्या दिवसांबद्दल कुणी विचारणार नव्हतं. फक्त नादिरने दुसरं रक्त घेतलंय हे तुला ठाऊक नव्हतं."

विदाद आत गेली. मला वाटलं, आता दार लावून घेते की काय. पण ती ब्लडप्रेशरच्या यंत्राचा जुना डबा घेऊन आली. आत गोळ्यांची पट्टी होती, चार शिल्लक, आणि एक फिकट होत चाललेली चिठ्ठी. ७.१६. १८. ६.२.

"दुसरं रक्त घेतलं हे मला मंगळवारी कळलं," ती म्हणाली. "तोपर्यंत माझं लिहून झालं होतं. खरं सांगितलं असतं तर मी सुटले असते."

"मग?"

"मग निस्माला कळलं असतं." तिने डबा मांडीवर ठेवला. "मी सात वर्षांची होते. कपडे धुवायला आई पोटॅश भिजवायची, दाहक असतो तो, तुम्हाला माहितीये. मला सांगितलं होतं, डबा वर ठेव. मी खेळायला गेले. धाकटा भाऊ तीन वर्षांचा. त्याला ते दूध वाटलं." ती पुढे सावकाश बोलली. "आई मला कधी काही म्हणाली नाही, डॉक्टरबाई. मरेपर्यंत एक शब्द नाही. मला अजूनही पांढरं पाणी बघवत नाही, आणि चोवीस वर्षं रोज सोड्याचं पिंप कालवतेय. निस्माला फक्त आई होती. आम्ल कॅनमधून आलं असं तिला वाटलं तर ती माझा द्वेष करेल. करू दे ना. दुसऱ्याचा द्वेष करून माणूस जगतो."

चहा ठेवायचा राहूनच गेला. खालून कुणीतरी खिडकीकडे बघून थुंकल्याचा आवाज आला. विदादने मान वळवली नाही.

"तुरुंगात किती वर्षं काढणार होतीस?" मी विचारलं.

"देतील तेवढी. बसायला तरी मिळेल."

"आणि ते औषधाचं दुकान? ज्यांनी मूत्रपिंडाबद्दल न विचारता गोळी दिली? उद्या कुणा दुसरीच्या आईला देतील, आणि आपल्या रजिस्टरात सगळं छान असेल."

 तिने पट्टीतल्या चार गोळ्यांवरून अंगठा फिरवला.

"तुम्ही सांगणार तिला?"

"मला सांगावंच लागेल."

"मग मी येते," विदाद म्हणाली. "परक्या माणसाकडून नको."

६

दोन गल्ल्या पलीकडे हाज्जाचं घर. दुपारची नमाज नुकतीच झाली होती. विदाद भिंतीच्या कडेकडेने चालत होती. एका बाईने तिला बघून मुलांना आत घेतलं. मी मुद्दाम तिच्या हातात हात घातला, गुडघ्याचं निमित्त सांगून.

निस्मा सत्तावीस वर्षांची. शिवणकामाच्या कारखान्यात कामाला. दारात विदादला बघितल्यावर तिच्या चेहऱ्यावर जे आलं ते मी वाचू शकले नाही. राग असेल असं मला वाटलं होतं.

"आब्ला," ती म्हणाली. "आत या."

बैठकीत सांत्वनाला येणाऱ्यांसाठी मांडलेल्या खुर्च्या तशाच होत्या. आम्ही बसलो. विदादने दोनदा सुरुवात केली. "निस्मा, बेटा, तुझ्या आईला ज्या गोळ्या..." पुढे तिला जमेना. मी तोंड उघडलं, तर निस्माने हात वर केला.

ती उठली आणि कपाटातून गोळ्यांच्या खोक्यातला तो लांब, बारीक अक्षरांचा कागद घेऊन आली. घड्या घालून घालून तो कपड्यासारखा मऊ झाला होता. एका ओळीखाली पेन्सिलची रेघ होती. मूत्रपिंड निकामी असलेल्यांनी घेऊ नये.

"सोमवारी रात्रीच वाचलं मी," ती म्हणाली. "औषधाच्या दुकानात साखर तपासली होती, दोनशे चाळीस आली. मी म्हटलं, आईसाठी काहीतरी द्या. त्यांनी दिलं. मीही मूत्रपिंडाचं बोलले नाही, आईने तिथेच माझा हात दाबला होता. म्हणाली, नको सांगूस, सगळं बंद करतील. रोज सकाळी एक, संध्याकाळी एक. स्वतःच्या हाताने दिली मी. उलट्या झाल्या तर वाटलं, उन्हाने. मी म्हटलं, गोळी चुकवू नकोस."

"मग तू बोलली का नाहीस?" माझा आवाज मला हवा होता त्यापेक्षा कठोर निघाला.

"मंगळवारी बोलायला निघाले होते. बाहेर आले तर सगळी गल्ली आब्लाला शिव्या देत होती. म्हणत होते, तिने ॲसिड घातलं. मला वाटलं, असेल. अल्लाची शपथ डॉक्टरबाई, मला वाटलं, ॲसिडच असू दे. मी नसू दे. मी दार लावलं आणि आत बसले. आज तिसरा दिवस. दारावर थाप पडली की वाटतं, मला पकडायला आले. ते येतच नव्हते."

विदाद तिच्याकडे बघत राहिली. तिचा चेहरा हळूहळू उतरत गेला, एखादं ओझं चुकीच्या घरी उतरवून आल्यासारखा. तीन दिवस तिने ज्या पोरीपासून एक गोष्ट लपवली, ती पोरगी तीच गोष्ट घेऊन एकटी बसली होती.

"मी तुझ्यासाठी..." विदाद म्हणाली.

"मला माहीत नव्हतं ना," निस्मा म्हणाली. मग ती जमिनीवर बसली, विदादच्या पांढऱ्या बुटांशी, आणि मोठ्याने रडायला लागली. सोमवारपासून पहिल्यांदाच, असं नंतर शेजारणीने सांगितलं. विदादने तिला उठवलं नाही. तीही खाली बसली.

मी खिडकीपाशी गेले. मला परतीची गाडी मिळणार नव्हती, आणि मला त्याचं काही वाटलं नाही.

गुरुवारी आम्ही तिघी सरकारी वकिलाकडे गेलो. मी जुळणारे तीन आकडे आणि न जुळणारे तीन आकडे शेजारी शेजारी ठेवले आणि अर्धा तास बोलले. त्या माणसालाही झोप अपुरी होती, पण त्याने ऐकलं. दुसऱ्या रक्तात सोडा अकरा होता, सहाचा अकरा झाला होता, हेही मी दाखवलं. पीएच आणखी पडला होता तो हृदय आणि श्वास थांबल्यावर वायू साठल्यामुळे. यंत्र त्या चाळीस मिनिटांत तिला मारत नव्हतं, वाचवायला धडपडत होतं. उशीर झाला होता, एवढंच.

विदादवरचा मृत्यूचा आरोप निघाला. रजिस्टरमध्ये खोटं लिहिल्याबद्दल तिची बदली झाली, लसीकरणाच्या खोलीत. औषधाच्या दुकानाची चौकशी लागली. सहा नंबरचा भोंगा बह्गतने त्याच आठवड्यात कुठल्यातरी भंगार यंत्रातून काढून बसवला. प्रयोगशाळेतला फोन माझा अहवाल तीनदा जाऊनही दुरुस्त झाला नव्हता, शेवटी नादिरने स्वतःचा मोबाइल रबाबकडे ठेवला.

त्या दिवशी बाहेर पडण्याआधी वकिलाने निस्माला एकच प्रश्न विचारला होता. "गप्प बस असं तुला कुणी सांगितलं होतं का?"

"नाही साहेब," निस्मा म्हणाली. "सगळे खूप चांगले वागत होते. मला खायला आणून देत होते. त्यामुळे सांगता येईना."

पायऱ्या उतरताना माझा गुडघा अडकला. एका बाजूने विदादने धरलं, दुसऱ्या बाजूने निस्माने, आणि आम्ही तशाच, एकेक पायरी बघत, उन्हात उतरलो.